अर्धवट काम घेऊन व्यासपीठावर: रायन डाल, नोड.जेएस आणि बर्लिनची जेएसकॉन्फ

बर्लिनची भिंत पडल्याला वीस वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ८ नोव्हेंबर २००९ रोजी, त्या शहरात जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमधील वेबपाने हलती-बोलती करणारी भाषा, लिहिणाऱ्या प्रोग्रामरांची एक छोटी परिषद चालू होती. सारे शहर सोहळ्याच्या तयारीत असताना या परिषदेची दखल घेण्याचे कोणाला काही कारण नव्हते. जेएसकॉन्फ इयू हे तिचे नाव, आणि तिचे ते पहिलेच वर्ष होते. कोणा मोठ्या कंपनीने आपले उत्पादन खपवण्यासाठी ती भरवलेली नव्हती. यान लेनार्ट, माल्टे उब्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हणजे स्वतः प्रोग्रामिंग करणाऱ्या मंडळींनीच, ती उभी केली होती. त्या दिवशी रायन डाल नावाच्या अमेरिकी तरुणाने जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर (इतरांच्या मागण्यांना उत्तरे पुरवणाऱ्या संगणकावर) चालवणाऱ्या नोड.जेएस या आपल्या प्रकल्पाविषयी भाषण केले आणि भाषण संपताच श्रोत्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. तांत्रिक परिषदांमध्ये असे सहसा घडत नाही. या एका भाषणाने डाल यांच्या वाट्याला काय आले, ते का आले आणि त्याची किंमत काय पडली, हा या प्रकरण अभ्यासाचा विषय आहे.

हे प्रकरण निवडण्यामागे एक कारण आहे. समुदायाने भरवलेल्या परिषदेला जाऊन काय मिळते, असे कार्यालयातील वरिष्ठाने विचारले की ‘नवे तंत्रज्ञान कळते’ असे ठरलेले उत्तर दिले जाते. ते खोटे नसले तरी लंगडे आहे, कारण तंत्रज्ञान घरबसल्याही कळते. भाषणांच्या ध्वनिचित्रफिती काही दिवसांत फुकट पाहायला मिळतात आणि प्रकल्पाची कागदपत्रे तर आधीपासूनच उघडी असतात. मग सुटी टाकून, प्रवासाचा खर्च करून माणसे जातात कशासाठी? डाल यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट दिसते, कारण त्यांचे काम परिषदेपूर्वीच जगासमोर होते आणि परिषदेनंतर त्यात एका रात्रीत कोणताही बदल झाला नव्हता. बदलले ते कामाभोवतीचे सारे काही.

पार्श्वभूमी

डाल मूळचे गणिताचे विद्यार्थी. रॉचेस्टर विद्यापीठात बैजिक संस्थितीशास्त्रात पीएच.डी. करत असताना त्यांनी ती अर्ध्यावर सोडली, चिलीमध्ये काही काळ संकेतस्थळे तयार करण्याची कामे केली आणि पुढे ते जर्मनीत राहू लागले. हाताशी होती ती सुटी-सुटी कंत्राटी कामे. त्यांना ओढ लागली होती ती एका विशिष्ट प्रश्नाची: एकच सर्व्हर हजारो जोडण्या एकाच वेळी, फारशी मेमरी न खाता, कसा सांभाळू शकेल? फ्लिकरवर छायाचित्र चढवताना ते कितपत चढले हे ब्राउझरला आपले आपण कळत नसे, त्यासाठी सर्व्हरला पुन्हा पुन्हा विचारावे लागे. या साध्या गैरसोयीतून विचाराला चालना मिळाल्याचे सांगितले जाते. एब नावाचा एक वेब सर्व्हर त्यांनी लिहून पाहिला होता. सी, लुआ, हास्केल अशा भाषांमध्येही त्यांनी हात घालून पाहिला, पण मनासारखे जमले नाही.

सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने क्रोम ब्राउझर आणला आणि त्याच्याबरोबर व्ही-८ हे जावास्क्रिप्ट चालवणारे वेगवान इंजिन खुल्या स्रोतात, म्हणजे कोणालाही कोड पाहता-वापरता येईल असे, उपलब्ध झाले. डाल यांनी ते ब्राउझरमधून बाहेर काढून सर्व्हरवर चालवले, त्याच्याभोवती इव्हेंट लूपची, म्हणजे एका उत्तरासाठी थांबून न राहता जे तयार होईल ते काम हाती घेणारी, रचना केली आणि मे २००९ मध्ये नोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तेव्हापासून नोव्हेंबरपर्यंतचे जवळपास सहा महिने हा कोड कोणालाही डाउनलोड करता येत होता. त्यावर चर्चा करणारी मंडळीही होती, पण ती मूठभर होती.

आणखी एक गोष्ट येथे लक्षात घ्यायला हवी. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट ही कल्पना डाल यांची नव्हती. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने १९९५ सालीच लाइव्हवायर या नावाने तो प्रयोग केला होता आणि तो मागे पडला होता. जानेवारी २००९ मध्ये केविन डँगूर यांनी सर्व्हरजेएस हा गट सुरू करून, ब्राउझरबाहेर चालणाऱ्या जावास्क्रिप्टसाठी सामायिक नियम ठरवण्याचे आवाहन केले. त्याच गटाचे पुढे कॉमनजेएस झाले. म्हणजे बर्लिनच्या सभागृहात बसलेल्या अनेकांच्या मनात हा प्रश्न आधीच घोळत होता.

भाषणात काय होते

डाल यांचे सादरीकरण दिसायला अगदीच साधे होते. रंगीत चित्रे नाहीत, हशा पिकवणारे किस्से नाहीत, वक्ता थोडा अवघडलेला. सुरुवातीलाच त्यांनी एक तक्ता दाखवला, आणि माझ्या मते भाषणाचा अर्धा परिणाम त्या तक्त्याने साधला. प्रोसेसरच्या अगदी जवळच्या एल-१ स्मृतीतून माहिती आणायला ३ चक्रे (प्रोसेसरचे ठोके) लागतात, एल-२ मधून १४, मुख्य मेमरीतून २५०. डिस्कवरून आणायची तर ४ कोटी १० लाख आणि नेटवर्कवरून आणायची तर २४ कोटी. एक चक्र म्हणजे एक सेकंद असे समजून हिशेब मांडला, तर मेमरीचे उत्तर चार मिनिटांत येते, डिस्कचे सव्वा वर्षाहून जास्त काळाने, आणि नेटवर्कचे साडेसात वर्षांनी. आपण मात्र प्रोग्राम लिहिताना डेटाबेसला प्रश्न विचारणारी ओळ आणि मेमरीतून किंमत उचलणारी ओळ एकाच पद्धतीने, एकीखाली एक, लिहीत असतो, जणू दोन्हींना सारखाच वेळ लागतो.

त्यानंतर त्यांनी अपाचे आणि एन्जिनएक्स या दोन वेब सर्व्हरांची तुलना मांडली. अपाचे जोडणीगणिक वेगळा धागा (थ्रेड) किंवा प्रक्रिया (प्रोसेस) लावतो, त्यामुळे जोडण्या वाढल्या की मेमरी फुगत जाते. एन्जिनएक्स इव्हेंट लूप वापरतो आणि त्याची मेमरी जवळजवळ सपाट राहते. मग सगळेच इव्हेंट लूप का वापरत नाहीत? याची त्यांनी दोन कारणे दिली. पहिले कारण सवयीचे: ‘नाव विचारा, उत्तराची वाट पाहा, मग पुढे जा’ अशा थांबून राहणाऱ्या पद्धतीनेच आपल्याला प्रोग्रामिंग शिकवले जाते. दुसरे कारण साधनांच्या अभावाचे: बहुतेक भाषांमधील डेटाबेसची, फायलींची, नेटवर्कची ग्रंथालये (इतरांना वापरता यावा म्हणून आधीच लिहून ठेवलेला कोड) थांबून राहणारीच असतात, त्यामुळे इव्हेंट लूप लावला तरी एखादे ग्रंथालय मध्येच सारा प्रोग्राम अडवून धरते. जावास्क्रिप्टकडे मात्र असा जुना बोजा नव्हता. ती ब्राउझरमध्ये वाढलेली, बटण दाबले की अमुक फंक्शन चालवा अशा पद्धतीची भाषा. ती लिहिणाऱ्यांच्या हाताला कॉलबॅकची, म्हणजे काम झाल्यावर चालवायचे फंक्शन आधीच देऊन ठेवण्याची, सवय होतीच.

शेवटी प्रात्यक्षिक झाले. सुमारे ४०० ओळींच्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला एक आयआरसी, म्हणजे गप्पांचा, सर्व्हर त्यांनी चालू करून दाखवला आणि समोरच्यांना त्याला जोडून घ्यायला सांगितले. ज्या मंडळींनी तोवर आपल्या भाषेत मेनू उघडणे-मिटणे आणि फॉर्म तपासणे एवढेच केले होते, त्यांच्या समोर त्याच भाषेत लिहिलेला सर्व्हर, त्यांच्याच लॅपटॉपवरून आलेल्या जोडण्या झेलत उभा होता.

त्यानंतर

थोड्याच काळात जॉयंट या सॅन फ्रान्सिस्कोतील क्लाउड कंपनीने डाल यांना नोकरी दिली, आणि तीही नोडवरच काम करण्यासाठी; २०१० मध्ये ते तेथे रुजू झालेले दिसतात. जानेवारी २०१० मध्ये आयझॅक श्लूटर यांनी नोडसाठीचा पॅकेज व्यवस्थापक, म्हणजे इतरांनी लिहिलेली ग्रंथालये आणून बसवणारे साधन, एनपीएम, प्रसिद्ध केला. त्याच वर्षी टीजे होलोवायचक यांचे वेब सर्व्हर लिहिणे सोपे करणारे एक्स्प्रेस आणि गियेर्मो राउच यांचे ब्राउझर व सर्व्हर यांच्यात तत्काळ संवाद घडवणारे सॉकेट.आयओ आले. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने नोड विंडोजवर नेण्याचे काम सुरू झाले आणि अमेरिकेत खुद्द नोडच्या नावाने वेगळी परिषद भरली. पुढचा प्रसार सर्वांच्या परिचयाचा आहे. पुणे, हिंजवडी, खराडी किंवा नवी मुंबईतील नोकरीच्या जाहिरातींमध्ये ‘नोड’ हा शब्द आज किती सहज येतो, हे वेगळे सांगायला नको.

लाभ नेमका कुठून आला

येथे ‘प्रसिद्धी मिळाली’ एवढे म्हणून थांबणे सोपे आहे, पण त्याने खुलासा होत नाही. प्रसिद्धीच हवी असती तर एखादा लेख, एखादी तुलनात्मक आकडेवारी यांनीही ती मिळाली असती, आणि थोडीफार मिळालीही असेल. परिषदेने त्याहून निराळे काही केले.

पहिली गोष्ट म्हणजे परिषदेने डाल यांना परक्या समुदायासमोर नेऊन उभे केले. त्यांचा पिंड सी आणि सर्व्हर यांचा. वेबपानांवर जावास्क्रिप्ट लिहिणारी मंडळी त्यांची नेहमीची संगत नव्हती. हेच भाषण त्यांनी सर्व्हर लिहिणाऱ्या अनुभवी अभियंत्यांपुढे केले असते तर इव्हेंट लूपचा भाग त्यांना पटला असता, पण जावास्क्रिप्टचे नाव निघताच अनेकांनी नाक मुरडले असते, कारण त्या काळात ही भाषा गांभीर्याने घेतली जात नसे. बर्लिनमध्ये उलटे होते. श्रोत्यांना भाषेबद्दल पटवण्याची गरज नव्हती, आणि सर्व्हरचे अंतरंग मात्र त्यांना नवे होते. एका बाजूला माणसाकडे उत्तर आहे, दुसऱ्या बाजूला सभागृहाकडे प्रश्न आहे, आणि एरवी त्यांची गाठ पडण्याचे काही कारण नाही. समुदायाची परिषद ही गाठ घालून देते. आपल्याच क्षेत्रातील, आपल्याच पातळीवरील लोकांमध्ये राहून हा लाभ होत नाही. म्हणूनच परिषदेला जाऊन केवळ आपल्या विषयाची भाषणे ऐकणारा माणूस निम्मे पैसे वाया घालवतो असे मला वाटते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो. नोडची खरी अडचण तांत्रिक नव्हती, ती सामुदायिक होती. थांबून राहणारी जुनी ग्रंथालये चालणार नाहीत असे डाल स्वतःच सांगत होते, म्हणजे डेटाबेसपासून टेम्प्लेटपर्यंत सारे काही नव्याने लिहावे लागणार होते. हे काम एकट्यादुकट्याचे नाही. एखाद्या प्रोग्रामरने आपले चार शनिवार-रविवार खर्चून नोडसाठी ग्रंथालय लिहावे, तर इतरही असेच काही लिहीत आहेत असा त्याला भरवसा हवा; अन्यथा ओसाड माळावर एकट्याने घर बांधण्यासारखे ते होईल. घरी बसून ध्वनिचित्रफीत पाहणाऱ्याला कल्पना पटते, पण ती आणखी किती जणांना पटली ते दिसत नाही. सभागृहात उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्याला मात्र आजूबाजूला उभे राहिलेले लोकही दिसतात, आणि त्या लोकांना आपणही दिसतो. हा परस्परांचा भरवसा एकाच क्षणी निर्माण झाला हे बर्लिनचे वैशिष्ट्य. पुढच्या वर्षभरात ग्रंथालयांची जी रीघ लागली, तिचे सगळे श्रेय मी त्या दिवसाला देणार नाही. पण एनपीएम अवघ्या दोन-तीन महिन्यांत आले, हा क्रम डोळ्यांआड करण्याजोगा नाही.

तिसरी गोष्ट नोकरीची. डाल यांचा रेझ्युमे एखाद्या मोठ्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या चाळणीतून गेला असता का, याची कल्पना करून पाहावी. अर्धवट सोडलेली पीएच.डी., देशोदेशी केलेली सुटी कामे, नावाजलेल्या कंपनीचा अनुभव नाही. कागदावर ही सगळी वजाबाकी आहे. परिषदेत मात्र कोणी कागद मागितला नाही. तेथे लोकांनी एका माणसाला स्वतः लिहिलेला कोड चालवताना, त्यामागचा विचार आकड्यांसह मांडताना आणि अनोळखी तज्ज्ञांसमोर उभे राहताना पाहिले. मुलाखतीच्या तीन-चार फेऱ्यांमध्ये जे चाचपडत शोधले जाते, ते तासाभराच्या आत उघड्यावर सिद्ध झाले. जॉयंटचा स्वार्थही येथे होताच, आणि तो रास्त होता: क्लाउडवर सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीला थोड्या मेमरीत जास्त जोडण्या सांभाळणारे तंत्र हवेच असणार.

अर्धवट काम दाखवण्याची तयारी हीदेखील या प्रकरणातील निर्णायक बाब आहे. नोव्हेंबर २००९ मधील नोड हे पूर्ण झालेले उत्पादन मुळीच नव्हते; त्याच्या रचनेतील मूलभूत गोष्टी पुढेही बदलत राहिल्या. पण ते चालत होते. पूर्ण झालेल्या कामात श्रोत्याला करण्याजोगे काही उरत नाही, आणि नुसत्या कल्पनेत हात घालावा असे काही नसते. चालणारे पण अपुरे काम पाहिले की ऐकणाऱ्याच्या मनात ‘यात अमुक भाग मी लिहू शकेन’ हा विचार येतो.

किंमत

हे प्रकरण यशोगाथा म्हणून सांगणाऱ्यांचा एक दोष असा, की ते २०१० पाशी थांबतात. पुढचा भाग तितकाच शिकवणारा आहे.

टाळ्या लवकर मिळाल्या की लोकही लवकर येतात, आणि लोक आले की रचना गोठते. जून २००९ मध्ये डाल यांनी नोडमध्ये प्रॉमिस ही, नंतर येणाऱ्या उत्तराची जागा आधीच धरून ठेवणारी, सोय घातली होती. फेब्रुवारी २०१० मध्ये ती त्यांनी काढून टाकली. पुढे त्यांनीच हा निर्णय आपल्या पश्चात्तापांत मोजला, कारण प्रॉमिस राहिले असते तर समुदाय एकाच शैलीकडे लवकर वळला असता. मॉड्यूल (प्रोग्रामचे सुटे भाग) शोधण्याची पद्धत, प्रकल्पाची माहिती ठेवणाऱ्या पॅकेज.जेसन या फाइलला मिळालेले मध्यवर्ती स्थान, इतरांची ग्रंथालये साठवणाऱ्या नोड_मॉड्यूल्स नावाच्या अवाढव्य फोल्डराची रचना, प्रोग्रामला संगणकातील सारे काही खुले असण्याची सुरक्षाविषयक ढिलाई, हे सगळे निर्णय अशाच सुरुवातीच्या काळातले. शांतपणे, कोणाच्या नजरेत न भरता आणखी दोन वर्षे काम झाले असते, तर त्यांपैकी काही सुधारले असते असे माझे वाचन आहे, पण मग कदाचित ते वापरायला कोणी आलेही नसते.

नोकरीचीही अशीच दुसरी बाजू आहे. जॉयंटने डाल यांना घेतले, तसे नोडचे बोधचिन्ह आणि कारभारही कंपनीच्या हाती आला. डाल जानेवारी २०१२ मध्ये प्रकल्पाची सूत्रे आयझॅक श्लूटर यांच्याकडे सोपवून बाजूला झाले. पुढे कारभाराच्या संथपणावर आणि कंपनीच्या वर्चस्वावर नाराजी वाढत गेली आणि डिसेंबर २०१४ मध्ये अनेक प्रमुख योगदानकर्त्यांनी आयओ.जेएस नावाने वेगळी चूल मांडली. २०१५ मध्ये स्वतंत्र फाउंडेशनच्या छत्राखाली दोन्ही प्रकल्प पुन्हा एक झाले. परिषदेतून चालून आलेली नोकरी स्वीकारताना आपल्याबरोबर आपला प्रकल्पही नोकरीला लागतो आहे का, हे पाहायला हवे. उत्साहाच्या भरात हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि विचारण्याची योग्य वेळ तीच असते.

२०१८ च्या जूनमध्ये डाल पुन्हा बर्लिनच्या जेएसकॉन्फमध्ये उभे राहिले. या वेळी विषय होता नोडविषयी आपल्याला वाटणाऱ्या दहा खंती. वर उल्लेखलेले बहुतेक दोष त्यांनी त्या भाषणात एकेक करून मांडले आणि शेवटी नोडसारखेच काम करणारा डेनो हा नवा, पुन्हा एकदा अर्धवटच असलेला, प्रकल्प दाखवला. मे २०२० मध्ये डेनोची १.० आवृत्ती आली आणि २०२१ मध्ये त्यासाठी कंपनी स्थापन झाली. ज्या समुदायाने एका कामाला डोक्यावर घेतले, त्याच समुदायासमोर त्या कामाचे दोष नेमकेपणाने सांगता येणे, आणि तरीही त्याने नवे काम ऐकून घेणे, ही व्यावसायिक आयुष्यातील मोठी ठेव आहे. नऊ वर्षांपूर्वीच्या एका भाषणाचे हे व्याज कोणी गृहीत धरले नसणार.

डेनोच्या या कंपनीत डाल यांचे सहसंस्थापक होते बर्ट बेल्डर. बेल्डर नोडमध्ये आले ते विंडोजवर नोड चालावे यासाठी कोड लिहून. व्यासपीठावरील एखाद्या गाजलेल्या भाषणामुळे नव्हे. हे मुद्दाम नोंदवतो, कारण परिषद हाच एकमेव दरवाजा आहे असा समज या प्रकरणावरून होऊ नये. त्याच दोन दिवसांत बर्लिनमध्ये इतरही अनेकांनी भाषणे केली आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आयुष्याला असे वळण लागले नाही. एका डालवरून नियम बांधणे म्हणजे लॉटरी लागलेल्याला बचतीचा सल्ला विचारणे होईल. या प्रकरणातून घ्यायचे ते लाभाचे प्रमाण नव्हे, लाभाची वाट.

आयोजकांकडे पाहिले तर ही वाट आणखी वेगळी दिसते. यान लेनार्ट काउचडीबी या खुल्या स्रोतातील डेटाबेसच्या प्रकल्पात अग्रभागी राहिले. माल्टे उब्ल पुढे गूगलमध्ये वेबपाने मोबाइलवर झटपट उघडावीत यासाठीच्या एएमपी या प्रकल्पाचे तांत्रिक नेतृत्व करत होते आणि नंतर व्हर्सेल या कंपनीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी झाले. व्हर्सेलचे संस्थापक म्हणजे सॉकेट.आयओ लिहिणारे गियेर्मो राउच. यात सरळ कार्यकारणभाव जोडण्याचा माझा आग्रह नाही. दोघेही कर्तबगार माणसे आहेत आणि परिषदेविनाही पुढे गेली असती. पण ज्याने खुर्च्या मांडल्या, वक्ते निवडले, तिकिटांचा हिशेब ठेवला, त्याला त्या क्षेत्रातील कोण काय करत आहे हे इतरांच्या आधी कळते, एवढे निश्चित.

पुण्यात बसून पाहताना

आपल्याकडे अशा परिषदांची वाण नाही. २०११ साली पायथन या भाषेची पायकॉन इंडिया पुण्यात भरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेडोरा या लिनक्स प्रणालीच्या समुदायाची फडकॉन पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे सीओईपीत, झाली. रूबी या भाषेची रूबीकॉन्फ इंडिया २०१२ आणि २०१३ मध्ये पुण्यात आणि नंतर गोव्यात झाली. सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेतील विद्यार्थ्यांनी भरवलेले ग्नुनिफाय तर अनेकांच्या आयुष्यातील पहिले मुक्तस्रोत संमेलन ठरले. याखेरीज बाणेर, बालेवाडी, खराडीच्या कंपन्यांच्या कँटीनमध्ये शनिवारी सकाळी होणारे छोटे मीटअप वेगळेच.

या ठिकाणी जे दिसते त्याची बर्लिनच्या प्रकरणाशी तुलना केली तर काही गोष्टी खटकतात. एकाच कंपनीतून आलेली सात-आठ जणांची टोळी दिवसभर एकत्र बसते, एकत्र जेवते आणि एकाच कॅबने परत जाते. तिच्या गळ्यातील बिल्ले शेजारच्या अनोळखी माणसाने वाचण्याची वेळच येत नाही. भाषणांसाठी आलेल्या प्रस्तावांत ‘अमुक तंत्राची ओळख’ या धर्तीचे विषय फार असतात, ज्यात बोलणाऱ्याचे स्वतःचे असे काही नसते. आणि इंग्रजी कच्चे असल्याच्या धास्तीने जिल्ह्याच्या महाविद्यालयातून आलेला मुलगा प्रश्नोत्तरांच्या वेळी हात वर करत नाही. त्याला कोणीतरी सांगायला हवे की बाहेर चहाच्या टेबलाशी तोच वक्ता मराठीत किंवा हिंदीत अर्धा तास बोलत उभा असतो, आणि डाल यांच्या बर्लिनमधील भाषणातही वक्तृत्व असे फारसे नव्हतेच. ज्यांना तासाभराचे भाषण झेपत नाही त्यांच्यासाठी पायकॉनसारख्या परिषदांत पाच-पाच मिनिटांची लाइटनिंग टॉक असतात. चारशे ओळींचा चालणारा प्रोग्राम दाखवायला पाच मिनिटे पुरतात.

कंपन्यांचीही एक रीत बदलण्याजोगी आहे. परिषदेहून परतलेल्या माणसाकडून ‘नॉलेज शेअरिंग’च्या नावाखाली वीस-पंचवीस स्लाइडचे सादरीकरण करून घेतले जाते, ज्यात मूळ भाषणांचाच सारांश असतो आणि जो ध्वनिचित्रफितीतही मिळाला असता. त्याऐवजी त्याला तीन गोष्टी लिहून द्यायला सांगाव्यात: आपल्याला छळणारा कोणता प्रश्न आणखी कोणाला छळतो आहे असे आढळले, आपण वापरतो त्या कोणत्या ग्रंथालयाच्या कर्त्याशी प्रत्यक्ष बोलणे झाले, आणि त्यातून कोणता दोष कळवला किंवा दुरुस्त करून पाठवला. पहिल्या वर्षी हा कागद बहुधा कोराच येईल. तो कोरा आला म्हणून पुढच्या वर्षीची सुटी नाकारू नये, कारण अनोळखी माणसांशी ओळख वाढायला एकाहून अधिक वर्षे लागतात.

राहता राहिली डेव्ह स्प्रिंटची गोष्ट. पायकॉन इंडियासारख्या परिषदांमध्ये भाषणांना जोडून असे एक सत्र असते, ज्यात प्रकल्प चालवणारी मंडळी एकेका टेबलाशी बसतात आणि नवख्याने केलेली पहिली दुरुस्ती त्याच्या शेजारी बसून तपासतात. एरवी ज्या दुरुस्तीवर अभिप्राय यायला आठवडे लागतात, त्यावर तेथे दहा मिनिटांत बोलणे होते, आणि नंतर त्या नावाला चेहरा असतो. सर्वांत कमी गर्दी याच सत्राला असते. अनेकांनी परतीच्या गाडीचे तिकीट भाषणे संपतात त्या संध्याकाळचे काढलेले असते, आणि ते आरक्षण करताना कार्यक्रमपत्रिका कोणी उघडून पाहिलेली नसते.